पुढे झुकलेले अक्षर

एकाच शैलीत आखलेल्या अक्षरांचा संपूर्ण संच म्हणजे टंक. रोजच्या बोलण्यात त्यालाच फॉन्ट म्हणतात. कामाच्या दृष्टीने टंकांचे दोन मोठे वर्ग पडतात. पुस्तकाचा किंवा वर्तमानपत्राचा सलग मजकूर ज्यात छापला जातो तो मजकुराचा टंक वाचकाच्या नजरेत न भरण्यातच आपले यश मानतो, तर चित्रपटाचे नाव, दुकानाची पाटी, खेळाडूच्या जर्सीवरचा क्रमांक किंवा मासिकाचे मुखपृष्ठ यांसाठी आखलेल्या शीर्षक-टंकाला दोन-चार शब्दांत आणि क्षणभरात आपला स्वभाव सांगावा लागतो. या दुसऱ्या वर्गातले एक कुळ गेली साठ-सत्तर वर्षे जगभर ‘उद्या’ची खूण म्हणून वावरत आहे. जाडजूड रेघांचे, आडवे पसरलेले, गोलसर कोपऱ्यांच्या चौकटीत बसवलेले आणि उजवीकडे झुकलेले हे अक्षर अवकाशकथांच्या चित्रपटांपासून शर्यतीच्या मोटारींपर्यंत आणि संगणकीय खेळांपासून व्यायामशाळांच्या पाट्यांपर्यंत कुठेही भेटते. ते वेगवान का भासते, भविष्यातले का वाटते आणि आखताना नेमके काय करावे लागते, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या शतकांत विखुरलेली आहेत. त्यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे देवनागरीपुरते उत्तर तर अजून पुरते दिले गेलेलेच नाही.

तिरप्या अक्षराचा जन्म भविष्याच्या कल्पनेतून झाला नाही, तो भरभर लिहिणाऱ्या हातातून झाला. पंधराव्या शतकातील इटलीत विद्वान आणि कारकून ज्या वळणाने झपाट्याने लिहीत, त्या वळणावरून व्हेनिसचा प्रकाशक आल्डस मॅन्युशियस याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने खिळे कोरले आणि १५०१ साली लॅटिन कवी व्हर्जिल याच्या काव्यांचे पुस्तक संपूर्णपणे त्या अक्षरांत छापून निघाले. इटालिक या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले हे अक्षर तेव्हा स्वतंत्र मजकुराचा टंक होते; उभ्या अक्षरांत एखादा शब्द उठून दिसावा म्हणून त्याच्याशेजारी तिरपे अक्षर ठेवण्याची रीत नंतरची. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. खरे इटालिक हे हाताच्या वळणातून आलेले असल्याने त्यातील काही अक्षरांचे रूपच बदलते, तर विसाव्या शतकातील बिनफाट्यांच्या, म्हणजे रेघांच्या टोकांना आडवे काप नसलेल्या, टंकांत उभेच अक्षर थोड्याफार दुरुस्त्या करून कलते केले जाते. पन्नाशीच्या दशकात आलेल्या हेल्व्हेटिका या टंकाचे तिरपे रूप सुमारे १२ अंशांनी कललेले आहे आणि आद्रियाँ फ्रुटिगर यांच्या १९५७ सालच्या युनिव्हर्सचे मूळ तिरपे रूप त्याहून अधिक, सुमारे १६ अंशांनी. भविष्यवेधी शीर्षक-टंक या दुसऱ्या जातीचे असतात.

तिरपेपणाची वेगाशी जाणीवपूर्वक सांगड घालण्याचे श्रेय इटलीतच, पण चारशे वर्षांनंतर झालेल्या एका चळवळीला द्यावे लागते. फिलिप्पो तोमासो मारिनेत्ती याने २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात भविष्यवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि धावत्या मोटारीचे सौंदर्य प्राचीन ग्रीक शिल्पापेक्षा श्रेष्ठ असल्याचे सांगितले. १९१३ सालच्या दुसऱ्या एका निवेदनात तो थेट छपाईकडे वळला. एकाच पानावर तीन-चार रंगांच्या शाया आणि गरज पडल्यास वीस निरनिराळे टंक वापरावेत, वेगवान संवेदनांसाठी तिरपी अक्षरे आणि प्रचंड आवाजांच्या अनुकरणवाचक शब्दांसाठी जाड अक्षरे योजावीत, अशी त्याची मागणी होती. जाडपणा म्हणजे जोर आणि कल म्हणजे वेग हे समीकरण इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच कोणी मांडले असेल. १९१४ सालच्या ‘झांग तुम्ब तुम्ब’ या त्याच्या पुस्तकात वेढ्यात सापडलेल्या एड्रियानोपल शहरावरील तोफांचा भडिमार पानभर उधळलेल्या लहानमोठ्या अक्षरांतून ऐकू येतो. त्याचाच सहप्रवासी फोर्तुनातो देपेरो याने तर १९२७ साली नट-बोल्ट लावून बांधलेले पुस्तक काढले. या चळवळीने युद्धाचे गुणगान केले आणि पुढे मारिनेत्ती फॅसिस्ट सत्तेच्या गोटात गेला, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. तरीही आजच्या प्रत्येक झुकलेल्या, जाड शीर्षकात त्या निवेदनातील मागणीचा अंश उरला आहे हेही तितकेच खरे.

त्याच सुमारास कॅमेऱ्याने या समीकरणाला एक अनपेक्षित पुरावा पुरवला. त्या काळच्या काही कॅमेऱ्यांत काचेच्या पट्टीसमोरून एक आडवी फट असलेला पडदा सरकत असे, त्यामुळे चित्राचा सगळा भाग एकाच क्षणी टिपला न जाता एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे क्रमाक्रमाने टिपला जाई. झाक-आन्री लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने तरुणपणी, १९१०च्या दशकाच्या आरंभी, शर्यतीतल्या मोटारीचे जे छायाचित्र घेतले, त्यात चाकाचा खालचा भाग आधी आणि वरचा भाग किंचित नंतर उमटला. मधल्या अवधीत मोटार पुढे सरकलेली असल्याने गोल चाक पुढे झुकलेल्या लंबवर्तुळासारखे दिसते. आणि छायाचित्रकार मोटारीबरोबर कॅमेराही फिरवत असल्याने कडेचे प्रेक्षक उलट दिशेला कललेले दिसतात. डोळ्यांना चाक असे कधीच दिसत नाही, तरी पाहणाऱ्याला हे चित्र खोटे वाटत नाही, उलट त्यातच मोटारीचा वेग सापडतो. व्यंगचित्रांतली भरधाव गाडी आजही पुढे झुकलेल्या अंडाकृती चाकांवर धावते. तिरप्या अक्षराला लाभलेला वेगाचा भास या यांत्रिक विकृतीशी नाते सांगतो, कारण तिथेही पाया मागे राहून माथा पुढे गेलेला असतो.

अर्थात अक्षर कोणत्या बाजूला झुकले म्हणजे ‘पुढे’ झुकले, हे वाचनाची दिशा ठरवते. रोमन आणि देवनागरी लिपी डावीकडून उजवीकडे वाचल्या जातात, म्हणून त्यांत उजवा कल पुढचा. डावीकडे कललेले अक्षर अडखळल्यासारखे, ब्रेक लावल्यासारखे वाटते. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांत हे उलटे व्हायला हवे आणि तसा प्रयत्न झालाही आहे. फार्सी विश्वकोशाचे संपादक घोलामहोसेन मोसाहेब यांनी विसाव्या शतकात फार्सीसाठी डावीकडे झुकलेली ‘इराणिक’ अक्षरशैली पुढे आणली, ती याच तर्काला धरून. तिरप्या अक्षरात वेग अंगभूत नसून वाचकाची नजर ज्या दिशेने चाललेली असते त्या दिशेकडून तो अक्षराला मिळतो, हे यावरून स्पष्ट होते.

कल म्हणजे वेग हे समजले तरी ‘भविष्य’ कुठून आले हे उरते. त्यासाठी ट्युरिनच्या नेबिओलो या अक्षर-ओतशाळेकडे जावे लागते. तिथे अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोवारेझे यांनी १९५२ साली मायक्रोग्रामा हा टंक आखला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरे आणि अंक होते; १९६२ साली नोवारेझे यांनी छोट्या लिपीतील अक्षरांची भर घालून आणि जाडी-रुंदीचे अनेक प्रकार करून त्याचा विस्तार युरोस्टाइल या नावाने केला. या टंकातील ‘ओ’ वर्तुळ नाही आणि चौकोनही नाही. फुगीर बाजूंचा आणि गोलसर कोपऱ्यांचा हा आकार त्या काळच्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेत, विमानाच्या खिडकीत आणि नव्या इमारतींच्या काचेच्या तावदानांत सर्वत्र दिसत होता. डॅनिश गणितज्ञ आणि कवी पीट हाइन याने त्याच सुमारास स्टॉकहोममधील एका मोठ्या चौकाच्या आखणीसाठी अशाच मधल्या आकाराचे, महालंबवर्तुळाचे, सूत्र सुचवले होते. म्हणजे नोवारेझे यांनी भविष्याचा वेध घेतला असे म्हणण्यापेक्षा त्यांनी आपल्या वर्तमानाचा आकार अचूक पकडला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. तो आकार पुढे अवकाशकथांनी उचलला आणि भविष्याच्या नावावर जमा केला. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ सालच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात युरोस्टाइल दिसतो, आणि ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील यानांच्या नामाक्षरांशी मायक्रोग्रामाचे रुंद, जाड रूप इतके घट्ट जोडले गेले की १९७५ साली निघालेल्या तिच्या तांत्रिक पुस्तिकेतही तेच वापरले गेले. तेव्हापासून दिग्दर्शकाला प्रेक्षकांस उद्याच्या काळात न्यायचे असले की संवादाआधी अक्षरच ते काम उरकून टाकते.

भविष्याचा दुसरा स्रोत बँकेच्या धनादेशाच्या तळाशी आहे. चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत छापलेले विचित्र जाडीचे अंक भारतातील प्रत्येक खातेदाराने पाहिलेले आहेत. चुंबकीय शाईत छापलेले हे अंक यंत्राला वाचता यावेत म्हणून अमेरिकेत १९५०च्या दशकात आखले गेले. दहा अंक आणि चार खुणा एवढाच तो संच आहे, आणि अंकांच्या रेघा मध्येच एखाद्या ठिकाणी अचानक जाड होतात, कारण त्या जाडीमुळे यंत्राला मिळणारा चुंबकीय संकेत प्रत्येक अंकासाठी वेगळा होतो. माणसाच्या डोळ्यांसाठी त्या जाडीचे काहीच प्रयोजन नव्हते. तरीही साठीच्या दशकाच्या मध्यास लिओ मॅग्ज यांनी वेस्टमिन्स्टर या टंकात याच धाटणीची पूर्ण रोमन वर्णमाला आखली, पाठोपाठ तशाच आणखी वर्णमाला आल्या आणि संगणकयुगाची अक्षरे म्हणून त्या मान्यही झाल्या. १९७५ साली रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनी अमेरिकेच्या नासा या अवकाशसंस्थेसाठी केलेले नामचिन्ह मात्र याच्या नेमके उलट, सगळीकडे एकसारख्या जाडीच्या नळीसारखे आहे. त्यातील दोन्ही ‘ए’ अक्षरांची मधली आडवी रेघ काढून टाकल्यामुळे ती उड्डाणासाठी उभ्या केलेल्या अग्निबाणाच्या टोकासारखी दिसतात. १९९२ साली ते चिन्ह बाजूला सारले गेले आणि २०२० साली परत आणले गेले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे भविष्य तेव्हाही भविष्यच वाटावे, यात त्या आखणीचा मोठा गौरव आहे.

तिरपेपणा आणि यंत्र यांची आणखी एक भेट रोजच्या पाहण्यातली आहे. रिक्षाच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर, पेट्रोल पंपावर किंवा जुन्या गणकयंत्रावर सात उजळणाऱ्या पट्ट्यांतून जे अंक उमटतात, ते पुष्कळदा किंचित उजवीकडे कललेले असतात. त्या कलामुळे अंकाच्या उजव्या तळाशी दशांशचिन्हाच्या ठिपक्यास जागा मिळते आणि ताठ पट्ट्यांचा अंक थोडासा हाताने लिहिल्यासारखाही दिसतो. पण सत्तरीच्या दशकापासून पाहणाऱ्याच्या मनात मात्र तिरपा, तुटक अंक म्हणजे नवे यंत्र, असेच नाते जमले.

हे सारे धागे एकत्र आले की आजचा भविष्यवेधी तिरपा टंक तयार होतो. डेव्ह ॲडी यांनी अवकाशकथांतील अक्षरांवर लिहिलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात चित्रपटांची शीर्षके भविष्यातली वाटावीत म्हणून वापरल्या जाणाऱ्या ठरीव युक्त्या दाखवून दिल्या आहेत: अक्षर कलते करणे, वक्र भाग सरळ आणि सरळ भाग वक्र करणे, टोके अणकुचीदार करणे, मधूनच एखादी चीर देणे, शेजारची अक्षरे जोडणे, वर धातूची झळाळी चढवणे. १९८५ सालच्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाचे झुकलेले, बाण जोडलेले शीर्षक या कुळातले सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणता येईल. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतीने २०१८ साली नवे चिन्ह आणि स्वतःचे टंक घेतले, तेव्हाही शर्यतीच्या वळणाची आठवण करून देणारा कल त्या चिन्हात राखला गेला. याच साधनाचा अगदी वेगळा उपयोग अमेरिकी कलावंत बार्बरा क्रूगर यांनी ऐंशीच्या दशकात केला. जाहिरातींची भाषा जाहिरातींवरच उलटवण्यासाठी त्यांनी लाल पट्टीवर पांढऱ्या, जाड, तिरप्या फुटुरा टंकात थोडक्या शब्दांची वाक्ये छापली. पाउल रेनर यांचा तो टंक १९२७ सालचा. झुकलेले जाड अक्षर विक्रेत्याच्या मुखी आणि त्याला प्रश्न विचारणाऱ्याच्या मुखी सारख्याच जोराने बोलते, एवढी ताकद त्यात आहे.

ही ताकद मिळवण्यासाठी आखणाऱ्याला जे कष्ट पडतात ते पाटी वाचणाऱ्याला दिसत नाहीत. संगणकावर कोणतेही उभे अक्षर एका कळीसरशी तिरपे करता येते. त्या क्रियेत अक्षराचा तळ जागेवर राहतो आणि वरचा भाग उंचीच्या प्रमाणात उजवीकडे ढकलला जातो. १०० मिलिमीटर उंचीचे अक्षर १२ अंशांनी ढकलले तर त्याचा माथा सुमारे २१ मिलिमीटर आणि २० अंशांनी ढकलले तर सुमारे ३६ मिलिमीटर सरकतो. एवढ्यावर थांबले तर अक्षर बिघडते, कारण ढकलताना सर्व रेघांना सारखी वागणूक मिळत नाही. उभी रेघ लांबते आणि तेवढ्याच प्रमाणात बारीक होते, १२ अंशांवर सुमारे दोन टक्क्यांनी आणि २० अंशांवर सुमारे सहा टक्क्यांनी. आडव्या रेघेची जाडी मात्र तशीच राहते, त्यामुळे आधीच रुंद असलेले अक्षर डोक्यावर आणि पायाशी जड वाटू लागते. डावीकडे खालून उजवीकडे वर चढणारी रेघ ताणली जाऊन रोडावते, तर उलट दिशेने उतरणारी रेघ दबून फुगते. म्हणूनच ढकललेल्या रोमन ‘ए’चा डावा पाय किरकोळ आणि उजवा पाय जाडजूड दिसतो, आणि ‘ओ’ अक्षर वर उजवीकडे व खाली डावीकडे सुजल्यासारखे होते. आखणाऱ्याला हे सगळे दोष एकेक करून हाताने निस्तरावे लागतात. अक्षर जितके जाड तितके हे काम अवघड, कारण जाड अक्षरातील पोकळ्या, म्हणजे रेघांनी वेढलेल्या मोकळ्या जागा, आधीच अरुंद असतात आणि अर्धा मिलिमीटर सूजही त्या बुजवून टाकते. तिरप्या चौकटीचे दोन कोपरे अरुंद व धारदार होतात आणि दोन पसरट. धारदार कोपरा किंचित छाटावा लागतो, नाहीतर लांबून तो ठळक ठिपक्यासारखा डोळ्यांत खुपतो. दोन अक्षरांमधले अंतरही नव्याने ठरवावे लागते.

तंत्राची अडचण जुन्या काळी आणखी मोठी होती. शिशाचा खिळा चौकोनी असतो, त्यामुळे तिरप्या अक्षराचा वरचा भाग खिळ्याबाहेर लोंबत राही आणि छपाईच्या दाबाखाली तो मोडण्याची भीती असे. फोटोवर आधारलेली अक्षरजुळणी आणि १९६१ पासून बाजारात आलेली लेट्रासेटची घासून उमटवायची अक्षरे यांनी ही कैद संपवली, आणि सर्वांत धाडसी तिरपे टंक नेमके त्यानंतरच्या दोन दशकांत आले. आज महाराष्ट्रातील गावोगावच्या रेडियमवाल्यांनी या अक्षराला नवे आयुष्य दिले आहे. गाड्यांवर चिकटवायच्या रंगीत पट्ट्यांना बोलीत रेडियम म्हणतात. यंत्राच्या पात्याने त्यांतून अक्षर कापले जाते, नको असलेला भाग नखाने किंवा चिमट्याने सोलून काढला जातो आणि उरलेले अक्षर दुचाकीच्या मडगार्डवर किंवा टेम्पोच्या काचेवर बसवले जाते. बारीक रेघांचे अक्षर सोलताना फाटते आणि उन्हापावसात कडेने सुटते, जाड रेघांचे टिकते. त्यामुळे या धंद्याला जाड अक्षर आवडते ते हौसेइतकेच कामाच्या सोयीसाठी.

त्या काचेवरचे अक्षर बहुधा देवनागरी असते आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. रोमन लिपीत उभ्या अक्षराशेजारी तिरपे अक्षर शतकानुशतके नांदले, कारण एक पुस्तकी हाताचे आणि दुसरे भरधाव हाताचे, अशा दोन वळणांना छापखान्याने एकाच घरात जागा दिली. मराठीलाही भरधाव लिहिण्याची स्वतंत्र लिपी होती. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघा ओढून घेई आणि मग लेखणी शक्य तेवढी न उचलता त्या रेघांना गोलसर अक्षरे लटकवत जाई. परंतु छापखान्याने बाळबोध वळण स्वीकारले, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातूनही हटली, आणि बाळबोध खिळ्यांच्या जोडीला वेगवान वळणाचे खिळे आलेच नाहीत. मराठी पुस्तकांत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर जाड ठसा किंवा अवतरणचिन्हे वापरली गेली. बहुसंख्य देवनागरी टंकांना आजही आखलेले तिरपे रूप नसते. तिरप्या अक्षराची कळ दाबली की संगणक उभ्याच अक्षराला यांत्रिकपणे ढकलतो आणि वाचकासमोर तेच येते.

देवनागरीत या ढकलण्याचे परिणाम रोमनपेक्षा अधिक बोचतात. रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते, देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेले असते. लोकल गाडी वेग घेते तेव्हा वरच्या दांडीला लोंबणाऱ्या कड्या जशा मागे झुलतात, तशी झुकलेल्या देवनागरी शब्दात शिरोरेघ पुढे जाते आणि अक्षरांचे पाय मागे रेंगाळतात. म्हणजे देवनागरीत वेगाचे मुख्य वाहन शिरोरेघ आहे आणि आखणाऱ्याने सर्वाधिक विचार तिचाच केला पाहिजे: ती दांड्यापेक्षा किती बारीक ठेवायची, शब्दाच्या आरंभी आणि शेवटी तिला कोणत्या कोनात छाटायचे, शेवटच्या अक्षरापलीकडे तिला थोडी पुढे जाऊ द्यायचे की नाही. यंत्र यातले काहीच ठरवत नाही. ते शिरोरेघ जशीच्या तशी जाड ठेवते आणि तिला लटकणारे दांडे तेवढे रोडावते. पोटफोड्या ष मधली उतरती रेघ फुगून अक्षराची पोकळी बुजवते, र चे शेपूट दबून उभे होते, आणि ‘प्र’, ‘क्र’ यांसारख्या अक्षरांतील रकाराची रेघ उलट ताणली जाऊन बारीक पडते. म आणि भ यांच्या गाठी जाड अक्षरात आधीच अडचणीत असतात. शिवाय देवनागरी तीन मजल्यांवर वसलेली लिपी आहे. रोमन कॅपिटल अक्षरांच्या पट्टीइतक्या उंचीतच वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार वर आणि उकार, ऋकार खाली बसवायचे असतात. अक्षर ढकलले की वरचा मजला उजवीकडच्या शेजाऱ्यावर आणि खालचा मजला डावीकडच्या शेजाऱ्यावर अतिक्रमण करतो. ‘कीर्ती’ हा शब्द जाड आणि वीस अंशांनी झुकलेला लिहून पाहिला की दुसऱ्या अक्षरावरचा रफार आणि वेलांट्यांचे बाक यांची कोंडी लगेच दिसते.

यावर उपाय आहे आणि तो करू शकणारे हातही महाराष्ट्रात आहेत. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी वर्षानुवर्षे जी शीर्षके लिहिली, त्यांत प्रत्येक नाटकाचा स्वभाव त्याच्या नावाच्या अक्षरांतच उतरला होता. तिथे शिरोरेघ तुटे, वाकडी होई, कधी तीच चित्र बने. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने काढलेल्या ‘मोदक’ या टंकाने देवनागरी अक्षर जवळजवळ पोकळी नाहीशी होईपर्यंत गुबगुबीत करूनही वाचता येते हे दाखवून दिले, तर त्यांच्याच ‘बलू’ने अनेक भारतीय लिप्यांना एकाच कुटुंबात आणताना प्रत्येक लिपीचे अंगवळण सांभाळता येते हेही. तिरप्या देवनागरी शीर्षक-टंकासाठी हीच मेहनत कलाच्या दिशेने वळवावी लागेल. कल बारा अंशांच्या आत ठेवावा, कारण मात्रांची गर्दी त्यापुढे सुटत नाही. वरच्या मजल्याला खालच्या मजल्यापेक्षा थोडा कमी कल द्यावा. उतरत्या रेघा आधीच सडपातळ आखाव्यात. वारंवार येणाऱ्या जोडाक्षरांची तिरपी रूपे एकेक करून स्वतंत्र काढावीत. जर्सीवर किंवा स्पर्धेच्या फलकावर मराठी आणि इंग्रजी नावे शेजारी येतात, तिथे दोन्ही लिप्यांना एकच मोजलेला कोन दिला तर देवनागरी जास्त झुकलेली भासते, कारण तिची आडवी शिरोरेघ कोनाला सतत मोजपट्टी लावत असते. म्हणून तिचा कोन दोन-तीन अंशांनी कमी धरणे इष्ट. अंकांचाही निर्णय तिथेच करावा लागतो. मराठी ३ आणि ६ ही एकमेकांची जवळजवळ आरशातली रूपे असल्याने ढकलल्यावर एकाचे बाक जिथे ताणले जातात तिथे दुसऱ्याचे दबतात, आणि धावत्या खेळाडूच्या पाठीवर ते दूरवरून ओळखू यावेत यासाठी दोघांना वेगवेगळी दुरुस्ती द्यावी लागते.